स्पर्धा वाढली, मग बिल का वाढलं? फुटबॉल प्रक्षेपणाचे एक्स्क्लुझिव्ह हक्क

थेम्सपार (धागालेखक)

मंडळी,

इंग्लंडात राहून प्रीमियर लीग नीट बघायची तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वर्गणी भरावी लागते. ती भरूनही शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने इथे टीव्हीवर दिसत नाहीत. तेच सामने ठाण्यात माझा भाऊ संध्याकाळी साडेसातला सोफ्यावर बसून बघतो आणि गोल झाला की मला कळवतो. स्टेडियम माझ्यापासून तासाभरावर, त्याच्यापासून सात हजार किलोमीटरवर.

यावरून एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, पूर्वी एकाच कंपनीची मक्तेदारी होती, ती मोडली हे बरंच झालं. चार जण मैदानात आले की भाव उतरतो. मला वाटतं फुटबॉलच्या बाबतीत नेमकं उलट होतं. का, ते सांगतो. जरा मागे जावं लागेल.

इंग्लिश क्लबांना टीव्हीची मुळात धास्तीच होती. घरी बसून सामना दिसला तर तिकीट कोण काढणार? १० सप्टेंबर १९६० ला ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा सामना आयटीव्ही या खासगी चॅनेलने थेट दाखवला आणि तो प्रयोग तिथेच आटोपला. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसायला १९८३ उजाडलं. तेव्हा बीबीसी आणि आयटीव्ही यांनी मिळून दोन वर्षांचे ५२ लाख पौंड दिले. इथे 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा. गिऱ्हाइकं दोनच, आणि दोघांचं आधीच ठरलेलं. विकणाऱ्याला भाव मिळणार कसा? १९८५ मध्ये क्लबांनी जास्त मागितले, चॅनेलांनी दिले नाहीत, आणि १९८५-८६ चा जवळजवळ अर्धा हंगाम टीव्हीवर फुटबॉलच नव्हतं. वेस्ट हॅमचा फ्रँक मॅकअ‍ॅव्हेनी त्या महिन्यांत गोलांमागून गोल करत होता आणि निम्म्या देशाला त्याचा चेहरा ठाऊक नव्हता!

१९८८ मध्ये आयटीव्हीने ही जोडी फोडली. चार वर्षांचे ४४ दशलक्ष पौंड, आणि सामने फक्त आमच्याकडे. एक्स्क्लुझिव्ह हक्कांची खरी किंमत क्लबांना तेव्हा कळली. मोठे पाच क्लब (आर्सेनल, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम) म्हणू लागले की लोक बघतात आम्हाला, मग पैसे चारी डिव्हिजनांत का वाटायचे? त्यातून प्रीमियर लीग निघाली.

मे १९९२ मधल्या बोलीची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. एकीकडे आयटीव्ही, दुसरीकडे रूपर्ट मरडॉकची बीस्कायबी, म्हणजेच स्काय ही उपग्रह टीव्ही कंपनी, जी तेव्हा तोट्यात बुडाली होती. टॉटनहॅमचे अध्यक्ष अ‍ॅलन शुगर यांची अ‍ॅमस्ट्रॅड ही कंपनी स्कायच्या डिश बनवायची. बैठक चालू असताना शुगर यांनी स्कायला फोन करून बोली वाढवायला सांगितली. मतदान १४ विरुद्ध ६, स्कायच्या बाजूने. आपला संबंध त्यांनी बैठकीत उघड सांगितला होता, मतही दिलं. आज असं काही झालं तर काय गदारोळ होईल, कल्पना करा. पाच वर्षांच्या कराराचा गाजलेला आकडा ३०४ दशलक्ष पौंड. त्यात बीबीसीचा क्षणचित्रांचा वाटाही धरलेला होता आणि प्रत्यक्ष वसुली बरीच कमी झाली, पण डिश मात्र घराघरावर चढल्या.

आता मुद्दा. पंधरा वर्षं सगळे थेट सामने एकट्या स्कायकडे. युरोपीय आयोगाने तक्रार केली, आणि २००७ पासून नियम आला की एकाच कंपनीला सगळं विकायचं नाही. सामन्यांचे सहा गठ्ठे केले. चार स्कायने घेतले, दोन सेटांटा या आयरिश कंपनीने. लीगला १.७ अब्ज पौंड मिळाले. आणि प्रेक्षकाला? आधी एका वर्गणीत सगळं दिसायचं, आता दोन भरा.

मंडईत दोन कांदेवाले समोरासमोर बसले तर कांदा स्वस्त होतो. इथे एकाला फक्त कांदे विकायची परवानगी दिली, दुसऱ्याला फक्त बटाटे. दोघंही आपापल्या मालाचे मक्तेदारच राहिले. स्पर्धा झाली ती हक्क विकत घेताना, म्हणजे फायदा विकणाऱ्याचा.

तर तुमचं मत काय? एकच सामना दोन चॅनेलांना का विकत नाहीत?

---

ऑफसाइड आप्पा

लेख आवडला, पण सूर पटला नाही. दोघांना विकला तर दोघंही अर्ध्याहून कमी देतील. 'फक्त आमच्याकडे' असं म्हणता येतं म्हणून तर ग्राहक डिश बसवतो. ते म्हणता आलं नाही तर चॅनेल एवढी रक्कम का मोजेल?

आणि त्या पैशाने काय झालं हेही लिहा की. १९८९ मध्ये हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली, शेवटी बळींचा आकडा ९७ धरला गेला. त्यानंतर टेलर अहवालाने वरच्या डिव्हिजनांतली उभ्याची स्टँड काढून सगळीकडे खुर्च्या बसवायला लावल्या. सरकारी मदत मिळाली, तरी टीव्हीचा पैसा आला नसता तर ती गळकी मैदानं इतक्या लवकर सुधारली असती का? आम्ही नव्वदच्या दशकात दादरला केबलवर ती चकाचक स्टेडियमं बघायचो तेव्हा वाटायचं हे पहिल्यापासून असंच असणार.

शिवाय वाटणी बघा. देशांतर्गत रकमेचा अर्धा भाग सगळ्या क्लबांना सारखा, पाव भाग गुणतक्त्यातल्या क्रमांकाप्रमाणे, पाव भाग किती वेळा टीव्हीवर दिसलात त्यावर. स्पेनमध्ये २०१५ चा सरकारी हुकूम येईपर्यंत रेआल माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क स्वतंत्रपणे विकत होते आणि बाकीच्यांच्या पानात उष्टं पडत होतं. त्यापेक्षा हे लाख पटीने बरं.

---

चिमटा

टेलिग्रामवर सगळं फुकट दिसतं. कसला धागा नि कसलं काय.

---

थेम्सपार

@चिमटा, दिसतं खरं. गोल झाल्यावर मिनिटभराने, आणि पडद्याच्या कोपऱ्यात जुगाराची जाहिरात नाचत असते.

@आप्पा, वाटणीबद्दल शंभर टक्के मान्य. मी हक्क एकत्र विकण्याच्या विरोधात नाहीच. प्रीमियर लीगवर १९९९ मध्ये याच कारणासाठी खटला झाला होता, सगळे क्लब मिळून भाव ठरवतात म्हणून. लीग जिंकली, आणि माझ्या मते बरोबर जिंकली. माझी तक्रार एकत्र विकून झाल्यावर तुकडे करण्याबद्दल आहे.

पण 'चॅनेल मोजेल ती खरी किंमत' यावर माझा विश्वास नाही. २०१२ मध्ये बीटी ही टेलिफोन कंपनी बोलीत उतरली. तिला फुटबॉलचं प्रेम नव्हतं. स्काय ब्रॉडबँड विकून तिची गिऱ्हाइकं पळवत होती, म्हणून तिने फुटबॉल घेऊन उलटा वार केला. २०१३-१६ चा करार ३ अब्जांवर गेला, २०१६-१९ चा ५.१३६ अब्जांवर. तेव्हा हंगामाला १६८ सामने होते, म्हणजे एका सामन्याला एक कोटी पौंडांहून जास्त. दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या भांडणाचा खर्च फुटबॉलच्या बिलात आला.

आताचा २०२५-२९ चा करार बघा, चार वर्षांचे ६.७ अब्ज. बातम्यांत 'विक्रमी' म्हणून झळकला. पण वर्षं तीनाची चार झाली आणि सामने हंगामाला किमान २६७ झाले. भागाकार केला तर एका सामन्याला ६३ लाखांच्या आसपास, तेही क्षणचित्रांचे पैसे धरून. भाव उतरलाय, फक्त गोणी मोठी केली म्हणून कळत नाही.

---

कायदेकानू

कायद्याच्या बाजूची एक सुंदर केस सांगतो. पोर्ट्समथमधल्या एका पबच्या मालकिणीने इंग्लिश चॅनेलची महागडी वर्गणी सोडून ग्रीसमधल्या कंपनीचं डीकोडर कार्ड आणलं. पैसे भरून, अधिकृत कार्ड. फक्त देश वेगळा. त्यावर ती शनिवारचे सामनेसुद्धा गिऱ्हाइकांना दाखवायची, कारण ग्रीसला तीनची बंदी लागू नव्हती. खटला झाला, दंड आणि खर्च मिळून सुमारे ८,००० पौंड. बाई हटली नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि ४ ऑक्टोबर २०११ ला निकाल आला की युरोपच्या एकाच बाजारपेठेत असं परदेशी कार्ड वापरायला बंदी घालता येणार नाही. पुढल्या वर्षी लंडनच्या हायकोर्टाने तिची शिक्षा रद्द केली.

निकालातली मेख वेगळीच होती. न्यायालय म्हणालं, फुटबॉलचा सामना ही कुणाची 'कलाकृती' नाही, त्यावर कॉपीराइट नाही. पण सुरुवातीची चित्रफीत, लीगचं गीत, पडद्यावरचे ग्राफिक्स यांवर आहे, आणि पबमध्ये ते दाखवायला परवानगी लागते! म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. ब्रेक्झिटनंतर तर तोही दरवाजा बंद झाला.

थेम्सपार यांच्या भावाला ठाण्यात जे दिसतं त्याचं कारण हेच. हक्क देशागणिक विकले जातात, आणि शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच ही बंदी फक्त तिकडची. तिची कल्पना साठच्या दशकातली, बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी लावून धरलेली. मोठा सामना टीव्हीवर असला तर लोक गावच्या छोट्या क्लबच्या मैदानाकडे फिरकणार नाहीत, हा युक्तिवाद.

अवांतर: आपल्याकडच्या प्रक्षेपण हक्कांचं मूळ क्रिकेटमध्ये आहे. १९९३ च्या हिरो कपवरून दूरदर्शन आणि बंगाल क्रिकेट संघटना भांडली, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नाही. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. पुढे २००७ चा कायदा आला, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावाच लागतो.

---

शिवाजीपेठी

लई भारी माहिती. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की हक्कबिक्क काय नसतंय. पोरं गॅलरीतनं मोबाइल धरून थेट दाखवत्यात, पेठेतली दुबईत गेलेली माणसं बघत्यात. तरी स्टेडियम भरतंयच. मग त्या बॉब लॉर्डचं म्हणणं खरं की खोटं?

---

थेम्सपार

@शिवाजीपेठी, पाटाकडील-दिलबहारला माणूस सामना बघायला येतो की समोरच्या पेठेला डिवचायला, हे आधी ठरवा. 😀 गंमत सोडा, मलाही तो युक्तिवाद पटत नाही. पण अगदी खालच्या डिव्हिजनच्या गावात सात-आठशे माणसांच्या तिकिटांवर क्लब चालतो, तिथले लोक ही बंदी उठवायला घाबरतात. त्यांना दोष देववत नाही.

---

एडिसनचा नंदू

इकडे अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे वेगळा खेळ, पण गणित तेच. एनएफएल या इथल्या लीगने सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायला घेतले तर १९६१ मध्ये कोर्टाने तो करार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अडवला. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी थेट काँग्रेसकडून सवलतीचा कायदा करून आणला, केनेडींनी त्याच वर्षी सप्टेंबरअखेर सही केली. राष्ट्रीय टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. म्हणून ग्रीन बेसारख्या लाखभर वस्तीच्या गावाचा संघ न्यूयॉर्कच्या संघांच्या बरोबरीने उभा राहतो.

आणि त्या कायद्यात तुमच्या शनिवारच्या बंदीची सख्खी बहीण आहे. शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम असताना शुक्रवारी रात्री आणि शनिवारी एनएफएलने जवळपासचे सामने झाकोळून प्रक्षेपण केलं तर ती सवलत मिळत नाही. वर कित्येक वर्षं असाही नियम होता की तिकिटं संपली नाहीत तर त्या शहरात सामना टीव्हीवर नाही. तो २०१५ मध्ये थांबवला.

तुकडे पाडण्याबद्दल मात्र थेम्सपार यांच्याशी सहमत. आपल्या शहराबाहेरचे रविवारचे सामने बघायचे तर अख्खं 'संडे तिकीट' घ्यावं लागतं. एकाच संघाचे सामने सुटे घेता येत नव्हते म्हणून ग्राहकांनी दावा लावला. जून २०२४ मध्ये ज्युरीने ४.७ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली, आणि महिन्याभरात न्यायाधीशांनी ती रद्द केली. माझ्या हातात भोपळा.

---

ल्योंची लेक

तुम्ही सगळे असं गृहीत धरताय की विकत घेणारा कायम असणारच. फ्रान्सला या.

इथल्या लीगला २०१८ मध्ये मीडियाप्रो या कंपनीने वर्षाला ८० कोटी युरोंहून जास्त कबूल केले. लीगचे पदाधिकारी हवेत, क्लबांनी त्या भरवशावर खेळाडू घेतले. २०२० चा हंगाम सुरू झाला, ऑक्टोबरचा हप्ता आलाच नाही, डिसेंबरमध्ये करार संपला. जुना भिडू कॅनाल प्लस हे चॅनेल आधीच्या अपमानाने रुसलेलं. पुढे डॅझोन ही स्ट्रीमिंग कंपनी आली, ती एका हंगामात वाद घालून निघून गेली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये लीगने स्वतःचंच चॅनेल काढलं, महिन्याला पंधरा युरोंच्या आत. ग्राहक म्हणून मी खूश आहे, एका वर्गणीत जवळजवळ सगळे सामने. क्लबांना मात्र पूर्वीच्या मानाने चणेफुटाणे मिळतायत.

---

ऑफसाइड आप्पा

बघा! प्रेक्षकाला स्वस्त पडलं की क्लब मेले. हेच तर मी म्हणतोय.

---

थेम्सपार

आप्पा, क्लब स्वस्ताईने नाही मेले. न आलेला पैसा आधीच खर्च केल्याने मेले. इंग्लंडात याची आवृत्ती २००२ मध्ये होऊन गेली. आयटीव्ही डिजिटलने खालच्या तीन डिव्हिजनांच्या फुटबॉल लीगला तीन वर्षांचे ३१५ दशलक्ष कबूल केले होते, मार्च २००२ मध्ये कंपनी बसली. लीग कोर्टात गेली, की मागे कार्लटन आणि ग्रॅनाडा या दोन धनाढ्य कंपन्या आहेत, त्यांनी द्यावेत. कोर्टाने विचारलं, त्यांची हमी कागदावर कुठे आहे? नव्हती. १७८.५ दशलक्ष पौंड येणं राहिलं आणि एकामागून एक क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेले. सेटांटाही जून २००९ मध्ये तशीच कोसळली.

हमीची सही न घेता एवढा करार करणाऱ्यांना मी ग्रामपंचायतीच्या टाकीचं कंत्राटही काढू देणार नाही.

---

मडगांवकार

परदेशाचं ऐकलं, आता घरचं ऐका. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला, ७०० कोटींचा. प्रक्षेपण, प्रायोजक, सगळे व्यापारी हक्क एका हाती. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली. स्टार हा त्यात भागीदार, आणि प्रक्षेपणही स्टारवरच. म्हणजे विकणारा कोण, घेणारा कोण, हाच प्रश्न. शुगरने फोन तरी केला, इथे फोन करायचीही गरज नव्हती रे!

गोव्याला काय मिळालं? एफसी गोवा मिळाला, फातोर्ड्याला दिवे लागले, ते नाकारत नाही. पण आमच्या जुन्या क्लबांपैकी धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं, चर्चिलने दोनदा. ती गर्दी, ती भांडणं टीव्हीला नको होती. आय-लीग ही जुनी राष्ट्रीय लीग टीव्हीवर मागे पडत गेली, जाहिरातदार निघून गेले. नव्या रचनेत आपल्याला दुय्यम जागा मिळणार हे दिसल्यावर २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. माझ्या बापाला अजून तो घाव आहे.

आणि शेवट कसा? ८ डिसेंबर २०२५ ला करार संपला. त्याआधी नव्या भागीदारासाठी निविदा काढली, नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही बोली नव्हती. हंगाम सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला, तोही आखूड करून. एकालाच पंधरा वर्षं सगळं दिलं की तो गेल्यावर दुकानात दुसरं गिऱ्हाईक उरत नाही.

---

शिवाजीपेठी

+१. शेवटची ओळ पटली.

---

ऑफसाइड आप्पा

@मडगांवकार, करारात चूक मुदतीची होती, एक्स्क्लुझिव्हिटीची नव्हे. तीन-चार वर्षांनी पुन्हा बोली लावायची सक्ती असती तर ही वेळ आली नसती. प्रीमियर लीगचं नेमकं तेवढं घ्यायला हवं होतं.

---

थेम्सपार

आप्पांशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत, तारीख लिहून ठेवा.

माझं म्हणणं इतकंच. 'एकालाच सगळं नको' हा २००७ चा नियम नियामकांनी मनात घेतला तेव्हा त्यांच्यासमोर चॅनेल होती, प्रेक्षक नव्हता. गठ्ठे पाडण्याऐवजी असा नियम करता आला असता की हक्क एकाला द्या, पण त्याने तो सिग्नल ठरावीक दराने इतर सेवांना पुरवलाच पाहिजे. मग तोच सामना चार जण विकतील आणि दर, समालोचन, सेवा यांत खरी चढाओढ होईल. २०१० मध्ये ऑफकॉम या इथल्या प्रसारण नियामकाने स्कायच्या क्रीडा वाहिन्यांबाबत असं काहीसं करून पाहिलं, पण ते कोर्टकचेऱ्यांत अडकलं आणि २०१५ मध्ये मागे घेतलं.

प्रेक्षकाने 'नाही' म्हटलेलं एकदाच चाललं. कोविडमध्ये ऑक्टोबर २०२० ला सामन्यामागे १४.९५ पौंड लावले होते. न्यूकॅसलच्या चाहत्यांनी तेच पैसे स्थानिक अन्नछत्राला दिले, इतर क्लबांच्या चाहत्यांनी उचलून धरलं, आणि महिन्याभरात ती योजना गुंडाळली.

---

नवीन_सूनबाई

चर्चा छान चाललीय, मध्येच एक घरगुती प्रश्न विचारते. आम्ही लेस्टरला राहतो. जूनमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून येतायत, सासऱ्यांना वर्ल्ड कप एकही सामना न चुकवता बघायचाय. यातली कोणती वर्गणी घेऊ? महिन्यापुरती मिळते का?

---

कायदेकानू

कोणतीच घेऊ नका. फुटबॉल वर्ल्ड कप इथल्या १९९६ च्या ब्रॉडकास्टिंग कायद्याच्या राखीव यादीत आहे, सगळे सामने बीबीसी आणि आयटीव्हीवर दिसतील. घराचं टीव्ही लायसन्स भरलेलं असलं की झालं.

---

थेम्सपार

आणि सामने अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहेत, त्यामुळे बरेच इथल्या मध्यरात्री आणि पहाटे सुरू होतील. सासऱ्यांची झोपायची खोली टीव्हीपासून लांब ठेवू नका, आणि तुमची जवळ ठेवू नका.